उन्हाळ्यात सोपा कसा सजवायचा: मोगरा, पाचट आणि कुंड्यांचा पैलवान

मार्च संपला की कोल्हापुरात दुपारी गल्ल्या ओस पडतात आणि पाच वाजले की सगळं घर सोप्यात येऊन बसतं. सोपा म्हणजे दारापुढची पडवी, नव्या घरात त्यालाच पोर्च म्हणतात, काम तेच, चहा घ्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. त्यामुळं सोपा सजवताना मी एकच बघते, संध्याकाळी तिथनं उठू वाटतंय का नाही. नुसता फोटोत छान दिसणारा सोपा काय कामाचा, बसल्यावर फरशी भाजत असेल तर?

कुंड्या आणायच्या आधी ऊन बघा. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे नेमकं हेच सोडून देतात. एका रविवारी खडू घ्या आणि सकाळी नऊला, दुपारी एकला आणि चारला ऊन जिथपर्यंत आत येतंय तिथं फरशीवर रेघ मारा. तीन रेघा दिसल्या की कुठलं झाड कुठं ठेवायचं ते आपोआप कळतं. दार पश्चिमेला असेल तर चारची रेघ पार उंबऱ्यापर्यंत येते, त्या पट्ट्यात बोगनवेल, सदाफुली, अडेनियम आणि ऑफिस टाइम हीच मंडळी टिकतात. ऑफिस टाइमला काहीजण चिनी गुलाब म्हणतात, ऊन चढलं की फुलं उघडतात आणि ऊन उतरलं की मिटतात, एक फांदी तोडून खोचली तरी जगते, विकत घ्यायची गरजच नाही, शेजारच्या काकूंकडनं मागून आणा. आत भिंतीकडच्या सावलीत मनी प्लांट, स्पायडर प्लांट, स्नेक प्लांट.

मोगऱ्याला मात्र चांगली जागा द्या, रोज पाच-सहा तास ऊन पाहिजेच, सकाळचं असेल तर फारच चांगलं. फुलांचा एक बहर संपला की प्रत्येक फांदीचा शेंडा दोन पानांच्या जोड्या धरून कापायचा, कळ्या नव्या फुटीवरच येतात, न कापता नुसतं खत घालत बसलं तर पानंच पानं. आणि एका कोपऱ्यात गुलबक्षी लावाच, तिला कुणी विचारत नाही पण ती उमलते बरोबर आपण चहा घेऊन बसतो त्या वेळेला.

माती दोन भाग लाल, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. नुसती नदीकाठची काळी माती भरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तडकते. शेणखत ओलं, ताजं असेल तर मुळं जळतात. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं, चार सदाफुल्या आठ दिवसात गेल्या, अजून वाईट वाटतं.

आता आपल्या भागातली सगळ्यात भारी गोष्ट, पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. ऊस तुटून गेला की शेतात पाचट पडलेलं असतंच, एक पोतं भरून आणा, कात्रीनं बोटाएवढे तुकडे करा आणि कुंडीत मातीवर दोन इंच जाड पसरा, पण बुंध्याला चिकटवू नका, थोडी जागा सोडा. माती झाकली की पाणी लवकर उडत नाही, बाहेरून दिसायलाही सोनेरी छान दिसतं आणि कुजलं की त्याचंच खत. पाणी सकाळी आठच्या आत, आणि आधी बोट खुपसून बघा, एक इंच खाली ओल असेल तर त्या दिवशी नको. बोगनवेलीला तर थोडी तहान लागू द्या, मगच ती रंगात येते. कुंड्या मातीच्याच घ्या, भिंतीतनं पाणी झिरपून उडतं म्हणून मुळं गार राहतात, काळ्या प्लास्टिकची कुंडी त्या उन्हात हात लावून बघा म्हणजे कळेल. आणि थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा.

एवढं झालं की मग गंमत. आमच्या सोप्यात पायरीवर एक पैलवान बसतो, कुंड्यांचा. कोल्हापुरात दुसरं काय बसवणार! करायला एक दुपार लागते. एक दहा इंची कुंडी, एक सात इंची आणि तीन इंची बारक्या वीस-बावीस, सगळ्यांना बुडाला भोक पाहिजे. कुंभार गल्लीतल्या मामांना सांगितलं तर भोकं असलेल्याच निवडून देतात, नसतील तर कुंडी तासभर पाण्यात भिजवून मग ड्रिलनं हळू पाडा, कोरडी असली की चीर जाते. मोठी कुंडी पायरीच्या कडेला पालथी ठेवायची, ते धड. बारक्या कुंड्या नायलॉनच्या दोरीत ओवायच्या, प्रत्येकीच्या आत गाठ, आणि गाठ भोकातनं निसटू नये म्हणून त्यात लाकडाचा बारीक तुकडा अडकवायचा. सुतळी वापरू नका, कुजते. पायाची दोरी धडाच्या काठाखाली दाबायची म्हणजे दोन्ही पाय पायरीवरून खाली लोंबतात, हाताची दोरी धडाच्या वरून टाकायची आणि तिच्यावर सात इंची कुंडी सरळ ठेवायची, ते डोकं. ते डगमगतं, म्हणून मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा घाला, मधोमध भोक पाडून, आणि दोन्ही भोकांतनं एक सळई खाली घाला. डोक्यात स्पायडर प्लांट लावला की झाले केस, पाणी जास्त झालं तर धडातनं खाली निघून जातं.

मग काळ्या ऑइल पेंटनं झुबकेदार मिशी, कमरेला लाल कापडाचा लंगोट, आणि डोक्याच्या कुंडीच्या काठाला जुन्या सुती साडीचा गुलाबी फेटा. आमच्या आत्तींनी स्वतः बसून बांधला, मागं शेमला सोडून! बाकी अंगाला रंग देऊ नका, भाजलेल्या मातीचा रंग आखाड्यातनं उठून आलेल्या गड्यासारखाच दिसतो. तो आल्यापासनं गल्लीतली पोरं शाळेला जाता-जाता त्याला शड्डू मारून दाखवतात, मला ते बघायला फार आवडतं.

एवढा एक ठसठशीत पुतळा असला की बाकी सजावट थोडीच ठेवा. बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगराची माळ दाराच्या बाजूला लावली तरी वाऱ्यानं वाजते. चैत्रात फरशीचा एक चौकोन गेरूनं सारवून त्यावर चैत्रांगण काढा, गौरीचा पाळणा, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन, सूर्य, चंद्र. पोरांच्या हातात रांगोळी द्या, हत्ती वाकडा आला तर येऊ द्या. चिमण्यांसाठी मातीच्या पसरट परळात दोन इंच पाणी आणि बसायला एक दगड, पाणी रोज बदला, आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातनं एकदा तरी कोरड्या करा, नाहीतर डास होतात.

एप्रिल-मे मध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही, आधी जोराचं वारं सुटतं. टांगलेल्या कुंड्या दोन ठिकाणी बांधा आणि पैलवानाला मागून भिंतीच्या हुकाला एक दोरी द्या, ती फेट्याखाली लपते. मिरगाच्या आधी फेटा-लंगोट सोडून धुवून, कडकडीत वाळवून ठेवायचा, नाहीतर बुरशी धरते, आणि पैलवानाला आत भिंतीला सरकवायचं. स्पायडर प्लांटला तोवर बाजूनं पिल्लं फुटलेली असतात, ती तोडून बारक्या कुंड्यांत लावली की पुढच्या उन्हाळ्याला शेजाऱ्यांच्या पैलवानाचे केस तयार.