इंदूरमधील जर्मन खुणांची नोंद कशी ठेवावी

बर्लिनचे वास्तुविशारद एकार्ट म्युथेसियस यांनी इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३०च्या दशकात माणिकबाग ही राजवाड्याची वास्तू उभारली. तिचे बरेचसे मूळ फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोतील लिलावात विकले गेले. वास्तू उभी असली, तरी तिच्या आतले जग आता संस्थानी चाकरीतल्या कुटुंबांच्या जुन्या अल्बमांतच शोधावे लागेल, आणि हे काम लवकर व्हायला हवे.

अल्बममध्ये चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. संपूर्ण पान ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ या चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात जपावे. सुट्या छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीनेच हलक्या हाताने लिहावे, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन व सेलोटेप कटाक्षाने टाळावेत. जर्मन पत्रे कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीच्या वळणात असल्यास, मोडीप्रमाणेच, जाणकाराकडूनच वाचून घ्यावीत. अंदाजाने लावलेले नाव पुढे खरे मानले जाते.

वडीलधाऱ्यांना ‘काय आठवते?’ असे मोघम विचारण्याऐवजी छायाचित्र समोर ठेवून ‘आजोबा, ही खुर्ची कोणत्या दालनात होती?’ असे विचारावे आणि ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच तारीख, ठिकाण व त्यांची संमती नोंदवावी.