सोलापूरच्या माळावर ओरिएंटियरिंग आणि ट्रेल रनिंग: आठवडाभराचा सराव कसा आखावा

नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधाराने, जमिनीवर ठेवलेली नारिंगी-पांढरी निशाणे ठरलेल्या क्रमाने कमीत कमी वेळात गाठण्याच्या शर्यतीला ओरिएंटियरिंग म्हणतात. या निशाणांचे नाव कंट्रोल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडन आणि नॉर्वेच्या लष्करात हा प्रकार रुजला, १९६१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९६६ मध्ये फिनलंडमध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. उत्तरेकडील देशांत वाढलेला खेळ असल्यामुळे त्याविषयीचे बरेचसे मार्गदर्शन दाट झाडीच्या, उंचसखल प्रदेशाला धरून असते. सोलापूरचा माळ वेगळा आहे. येथे चढउतार थोडे, झाडी विरळ आणि नजर लांबवर मोकळी. त्यामुळे धावायला अडथळा नाही, पण आपण नेमके कुठे आहोत हे सांगणारी ठळक खूणही सहज सापडत नाही. अशा मुलखात वाट चुकण्याचे मुख्य कारण एकच असते: पाय नकाशाच्या पुढे निघून जातात. म्हणून पुढील आखणीत पायांचा सराव, म्हणजे कच्च्या वाटांवरून धावण्याचे ट्रेल रनिंग, आणि नकाशाचा सराव आधी वेगवेगळा ठेवला आहे आणि शनिवारी दोन्ही एकत्र आणले आहेत.

ही आखणी सलग तासभर सावकाश धावू शकणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो, त्या दिवसांत उघड्या माळावरचा लांब सराव टाळावा.

आधी नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे परिसराची ओळख करून घ्यायला उत्तम आहेत, पण शर्यतीला ते पुरत नाहीत. त्यांवरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर आणि दोन समोच्च रेषांमधील (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचा फरक साधारण २० मीटर, त्यामुळे एखादा अख्खा माळ दोन रेषांच्या मध्ये कोराच राहतो. ओरिएंटियरिंगचा नकाशा १:१५,००० किंवा १:१०,००० प्रमाणाचा असतो, समोच्च रेषा ५ मीटरने आणि सपाट भागात अडीच मीटरनेही काढतात. असा नकाशा स्वतः तयार करता येतो. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशाचा आधार घेऊन ओपनओरिएंटियरिंग मॅपर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रस्ते आणि ओढे उतरवून घ्यावेत, मग छापील प्रत हातात घेऊन त्या जागेवर चालत जावे आणि बांध, विहिरी, पाझर तलाव, पाणंद, गाडीवाट, एकटे उभे असलेले कडुलिंबाचे झाड असे सर्व नोंदवावे. येथे वाट दाखवणार आहेत त्या याच गोष्टी.

रंगांचा अर्थ आधीच पक्का करावा. तपकिरी म्हणजे जमिनीचा आकार, निळा म्हणजे पाणी, काळा म्हणजे खडक आणि माणसाने बांधलेल्या वस्तू, हिरवा म्हणजे धावण्याला अडवणारी झाडी. पांढरा रंग मोकळ्या जमिनीचा नसून सहज धावता येईल अशा जंगलाचा असतो आणि मोकळी जमीन पिवळी दाखवतात. नवखे येथे हमखास गोंधळतात.

जागा निवडताना मालकाची किंवा वन विभागाची परवानगी घ्यावी. हिवाळ्याच्या या दिवसांत शिवारात रब्बीची ज्वारी उभी असते, तेव्हा बांध आणि पाणंद सोडू नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात हा सराव करू नये. ओसाड वाटणारे ते गवताळ रान जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे घर आहे, आणि तेथे माणसांनी चारी दिशांना धावणे मला कोणत्याही परवानगीने योग्य वाटत नाही.

रविवार: लांब धाव

आठवड्याची सुरुवात सर्वांत लांब धावेने करावी, म्हणजे शनिवारपर्यंत पायांना विश्रांती मिळते. त्यासाठी सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवरील तुळजापूर गाठावे, कारण बालाघाटच्या डोंगररांगेत शहराजवळ न मिळणारा चढ मिळतो. नव्वद मिनिटे पुरेत. तीव्र चढ धावू नये, गुडघ्यांवर हात ठेवून दमदार चालावे. उतारावर पावले आखूड टाकावीत आणि नजर तीन-चार मीटर पुढे ठेवावी, कारण कठीण खडकावर पसरलेल्या सुट्या मुरमावरून लांब पाऊल हमखास घसरते. पायमोजे उंच असावेत, नाहीतर कुसळे घोट्यात रुततात. घोणस आणि फुरसे या दोन्ही विषारी सापांचा हा प्रदेश आहे, म्हणून दगडांच्या फटीत न पाहता हात घालू नये. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी सोबत ठेवावे.

परतण्यापूर्वी अर्धा तास एका गोष्टीसाठी राखून ठेवावा. पाणी अडवण्यासाठी अनेक टेकड्यांच्या उतारांवर सलग समतल चर खोदलेले असतात. हे चर एकाच उंचीवरून गेलेले असल्यामुळे प्रत्येक चर म्हणजे जमिनीवर आखलेली समोच्च रेषाच असते. असा एखादा चर धरून नकाशा हातात घेऊन चालावे. घळ आली की चर डोंगराच्या आत वळतो, सोंड आली की बाहेर येतो, आणि नेमके तेच वळण कागदावरच्या तपकिरी रेषेत दिसते. उतार तीव्र झाला की वरचा आणि खालचा चर एकमेकांच्या जवळ येतात, हेही तेथेच पाहून घ्यावे. समोच्च रेषा शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

सोमवार ते शुक्रवार

सोमवारी धावू नये. संध्याकाळी नकाशा घेऊन बसावे, दोन कंट्रोलमधील दोन-तीन वाटा पेन्सिलीने आखाव्यात आणि जवळची पण अवघड वाट बरी की लांबची पण सोपी, हे ठरवण्याचा सराव करावा.

मंगळवारी मैदानावर १०० मीटर अंतर मोजून घ्यावे आणि फक्त उजवे पाऊल मोजत ते चालत व धावत पार करावे. आकडा प्रत्येकाचा वेगळा येतो, चालताना तो साधारण साठ ते सत्तरच्या दरम्यान असतो. सपाट माळावर अंतराचा अंदाज डोळ्यांना फसवतो, त्यामुळे हा आकडा फार उपयोगी पडतो. त्यानंतर प्रत्येक वळणावर नकाशा फिरवून उत्तरेशी जुळवण्याची आणि आपल्या जागेवर अंगठा ठेवून चालण्याची सवय लावावी. होकायंत्र मोबाईलपासून आणि विजेच्या तारांपासून दूर धरावे. आपला काळा बेसाल्टही चुंबकीय असतो, म्हणून ते खडकावर टेकवून वाचू नये.

बुधवारी चढाचा सराव करावा. एखाद्या टेकाडावर मिनिटभर जोरात चढून सावकाश उतरावे, असे सहा ते आठ वेळा. माथ्यावर पोहोचताच, धाप लागलेली असतानाच, नकाशावरचा एक टप्पा वाचून तोंडी वर्णन करावे. दमलेले डोके नकाशा कसा चुकीचा वाचते, ते येथे कळते.

गुरुवारी वस्तीतला सराव. त्यासाठी १:४,००० प्रमाणाचा नकाशा वापरतात आणि विद्यापीठासारखे मोठे आवार परवानगी घेऊन निवडता येते. ज्यांना शहर सोडायचे नाही त्यांनी सोलापुरात सिद्धेश्वरांनी स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांपैकी आठ-दहा ठिकाणे नकाशावर टिपून क्रमाने चालत गाठावीत. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक ज्या ठिकाणांना जाते, ती गल्लीबोळांतून नकाशा वाचत शोधताना जुन्या सोलापूरची रचना नव्याने समजते. ही देवस्थाने असल्यामुळे तेथे धावू नये.

शुक्रवार पूर्ण विश्रांतीचा. जेवण नेहमीचेच असावे.

शनिवार: शर्यत

चार-पाच किलोमीटरच्या फेरीत आठ ते दहा कंट्रोल पुरेसे होतात. नकाशावर त्रिकोण म्हणजे आरंभ, वर्तुळे म्हणजे कंट्रोल आणि दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. स्पर्धकांना दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडावे, म्हणजे कोणी कोणाच्या मागे धावत नाही.

समजा, ओढ्याच्या काठी असलेली विहीर गाठायची आहे. सरळ विहिरीचा नेम धरला आणि ओढ्यावर विहीर दिसलीच नाही, तर डावीकडे जावे की उजवीकडे हे कळणार नाही. म्हणून मुद्दाम विहिरीच्या डावीकडचा नेम धरावा. ओढा लागला की नि:शंक उजवीकडे वळता येते. कंट्रोल आडबाजूला असेल तेव्हा त्याच्या अलीकडची ठळक खूण, म्हणजे बांधाचा कोपरा किंवा पाणंदीचे वळण, आधी वेगाने गाठावी आणि शेवटचे शंभर-दीडशे मीटर पावले मोजत, वेग कमी करून जावे. कंट्रोलच्या पलीकडे कोणता रस्ता किंवा ओढा आहे हेही पाहून ठेवावे. तो लागला म्हणजे आपण पुढे आलो आहोत.

अर्धवट सोडणाऱ्यानेही शेवटच्या ठिकाणी येऊन नोंद केलीच पाहिजे. हा नियम कटाक्षाने पाळावा, अन्यथा घरी गेलेल्या माणसाचा शोध इतर जण दिवसभर माळावर घेत राहतात.

शर्यत संपल्यावर लगेच, आठवण ताजी असताना, प्रत्येकाने आपण प्रत्यक्ष गेलेली वाट लाल शाईने नकाशावर काढावी आणि वेळ कुठे गेला ते तेथेच लिहावे. अंतर चुकले असेल तर पुढच्या आठवड्यात मंगळवारचा सराव वाढवावा, थकल्यावर नकाशा चुकला असेल तर बुधवारचा. त्यानंतर सर्व निशाणे मोजून गोळा करावीत आणि शेतमालकाला काम संपल्याचे सांगूनच निघावे.