आर्ट स्टुडिओची फ्रँचायझी घेताय? आधी सिंक बघा

फ्रँचायझी घेऊन स्टुडिओ सुरू केला त्याला चार महिने झाले होते. गणपतीच्या आधीचा रविवार, शाडूच्या मूर्तीचं वर्कशॉप, २४ पोरं, निम्म्यांच्या आया पण शेजारी बसलेल्या, आणि साडेबाराला खालच्या मेडिकलवाल्या काकांचा फोन, "ताई, वरून गढूळ पाणी येतंय, माझे बॉक्स भिजले." प्लंबर उगवला सोमवारी. त्याने सिंकखालचा वाकडा पाइप उघडला तर आत शाडूचा घट्ट लोळ आणि त्यावर ॲक्रिलिकची साय, रबरासारखी, ओढली की लांबच लांब निघत होती. फ्रँचायझीवाल्यांच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये भिंतीचा पिवळा नेमका कुठला, लोगो जमिनीपासून किती उंच, सगळं होतं. सिंकबद्दल एक ओळ नाही.

म्हणून पहिलं तेच सांगते. हात आणि अवजारं थेट नळाखाली धुवू द्यायची नाहीत. तीन बादल्या ठेवा, पहिलीत खरा चिखल, दुसरीत उरलेला, तिसरीत स्वच्छ. रात्रभर ठेवलं की शाडू खाली बसतो, वरचं पाणी ओतून द्या, खालचा गोळा फडक्यात बांधून टांगा, पुढच्या बॅचला परत वापरता येतो. ॲक्रिलिकची पॅलेट आधी रद्दी पेपरने पुसायची, मग धुवायची. आणि प्लास्टर ऑफ पॅरिस चुकूनही सिंकमध्ये नाही, ते पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं, मग पाइप साफ होत नाही, कापावा लागतो. सिंकखाली गाळ अडवणारा डबा बसवून घ्या, जागेचं काम चालू असतानाच, नंतर फर्निचर तोडावं लागतं (मला लागलं).

जागा बघताना सगळे फ्रंटेज, म्हणजे रस्त्याकडची दर्शनी बाजू, बघतात, मीही तेच केलं. बघायचं काय तर पाण्याचा नळ आहे का, ड्रेनेजला उतार आहे का, लहान पोरांना टॉयलेट कुठे, आणि संध्याकाळी पाच वाजता आईने ॲक्टिव्हा कुठे लावायची. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये स्वस्तात पडतं म्हणून कुणी सुरू करत असेल तर महावितरणचं मीटर घरगुती आहे का ते आधी तपासा. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने वसुली होते. आणि शेजारचे आजोबा तक्रार करणार म्हणजे करणारच.

भाड्याच्या करारात मी जी चूक केली ती बऱ्याच जणांची होते. फ्रँचायझी करार ५ वर्षांचा आणि लीव्ह अँड लायसन्स ३ वर्षांचा. मालकाने तीन वर्षांनी जागा रिकामी कर म्हटलं तर इंटिरियरचा खर्च गेला आणि वर "सेंटर बंद ठेवलं" म्हणून ब्रँड पण दंड लावू शकतो. दोन्हीची मुदत जुळवून घ्या, नाहीतर जागा गेली तर स्थलांतराला किती महिने मिळणार ते करारात लिहून घ्या. आणि काम चालू असतानाचं महिना-दीड महिन्याचं भाडं माफ करा असं मालकाला विचारा, तेवढं बरेच देतात, न विचारता कुणी देत नाही.

आता कराराबद्दल. अमेरिकेत कुठलीही फ्रँचायझी विकायची तर सही किंवा पैशांच्या निदान १४ दिवस आधी २३ मुद्द्यांचं कागदपत्र द्यावंच लागतं, त्यात कोर्टकज्जे, बंद पडलेली सेंटरं सगळं येतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, सगळं १८७२च्या करार कायद्यावर चालतं, म्हणजे कागदावर जे आहे तेच आणि तोंडी बोललेलं हवेत. मला तोंडी सांगितलं होतं की दोन किलोमीटरमध्ये दुसरं सेंटर देणार नाही. पुढच्या वर्षी चालत दहा मिनिटांवरच्या शाळेत त्याच ब्रँडची बॅच सुरू. विचारलं तर म्हणे ते सेंटर नाही मॅडम, तो स्कूल प्रोग्रॅम आहे! एरिया लिहून घेताना पिनकोड लिहा, आणि शाळा, सोसायटीचे क्लबहाऊस, ऑनलाइन बॅच हे सगळं त्यात धरलंय असं स्पष्ट लिहा. त्यांनी दिलेल्या "यशस्वी" सेंटरवाल्यांना फोन करून काही उपयोग नाही, ते गोडच बोलतात. बंद झालेल्या सेंटरवाल्यांचे नंबर मागा. देत नसतील तर गूगल मॅपवर "कायमचं बंद" लिहिलेली सेंटरं शोधून स्वतः गाठा, तासभर बोला. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर टाकून बघा, शिकवण्याच्या सेवा वर्ग ४१ मध्ये येतात. नुसता अर्ज केलाय की नोंद झालीय, की कुणी हरकत घेतलीय, दोन मिनिटांत कळतं. ज्या नावासाठी लाखो मोजायचे ते त्यांचं तरी आहे का?

रॉयल्टीचं, म्हणजे दर महिन्याला ब्रँडला द्यायच्या वाट्याचं, गणित मात्र नीट बसून करा, इथेच पैसे झिरपतात. समजा महिन्याला २ लाख फी जमा झाली. खासगी क्लासवर १८ टक्के जीएसटी, आणि आपण पालकांना सांगतो ती फी जीएसटी धरूनच असते, म्हणजे त्यातले साधारण ३०,५०० सरकारचे आणि तुमचे १,६९,५००. करारात "एकूण जमा रकमेवर १० टक्के" लिहिलं असेल तर तुम्ही सरकारच्या पैशावर पण रॉयल्टी भरताय, महिन्याला तीन हजाराच्या वर, वर्षाला ३६ हजार. "जीएसटी वगळून" एवढे दोनच शब्द घालून घ्यायचे होते, माझ्या सीएने दाखवलं तेव्हा सही होऊन आठ महिने झाले होते. रॉयल्टीवर ते पुन्हा १८ टक्के जीएसटी लावतात, तो तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणजे तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, पण वर्षाला ५० लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांसाठी जी ६ टक्केवाली सोपी (कंपोझिशन) स्कीम आहे ती घेतली असेल तर नाही मिळत. छान सोपं वाटतं म्हणून ती स्कीम घेऊ नका, आधी हिशोब करा.

सामान त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती असते. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत त्याच मापाचा कॅनव्हास किती स्वस्त मिळतो ते एकदा जाऊन विचारून या, मग त्यांच्या सामानाच्या किटची किंमत बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिली, क्रेयॉन, पेस्टलवरचा जीएसटी शून्य झाला, आमच्या किटची किंमत जिथल्या तिथे. निदान रोजचे खपणारे रंग-कागद बाहेरून घ्यायची मुभा लिहून घ्या, त्यांचा लोगो असलेल्या वह्या आणि ॲप्रन घेऊ की त्यांच्याकडून.

अभ्यासक्रमाचं एक सांगते, हे महाराष्ट्राबाहेरच्या ब्रँडला कळतच नाही. सहावी-सातवीच्या मुलांचे पालक डेमोला आले की पाचव्या मिनिटाला विचारतात, "एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी घेता का?" कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षा, आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क वाढीव, बीला ५, सीला ३. आमच्या ब्रँडच्या अभ्यासक्रमात पॉप आर्ट होतं, मंडला होतं, पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन यातलं काही नाही. पहिल्या वर्षी १२-१३ वर्षांची मुलं याच एका कारणाने पलीकडच्या गल्लीतल्या सरांकडे गेली. सर घरातच शिकवतात, सतरंजीवर, आणि अफाट शिकवतात. शेवटी भांडून वेगळी बॅच सुरू केली. परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरतात, आपण फक्त तयारी करून घ्यायची, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तारीख गेली की खापर तुमच्यावर.

आणि टीचर. पोरं लोगोसाठी येत नाहीत, "प्राची मिस"साठी येतात (नाव बदललंय). आमची मिस गेली आणि समोरच्या सोसायटीत तिने स्वतःचा क्लास काढला, ११ मुलं तिच्यामागे गेली. तिच्याकडून लिहून घेतलं होतं, सोडल्यावर दोन वर्षं या भागात क्लास काढणार नाही. वकिलाने हसून कागद परत दिला. करार कायद्याचं कलम २७, नोकरी सोडल्यावर कुणाला स्वतःचा व्यवसाय करण्यापासून असं अडवता येत नाही. तेव्हा बाँडवर विसंबू नका, प्रत्येक बॅचला आलटून पालटून दोन टीचर ठेवा, पालकांच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः बोला, आणि पगार बरा द्या. राग आला होता, खोटं कशाला बोलू, पण तिला मी देत किती होते ते आठवलं की गप्प बसते. स्टाफचं पोलिस व्हेरिफिकेशन आणि कॅमेरा, यावर चर्चा नको, कराच.

पावसाळ्यात काय बिघडतं ते झटपट सांगते. रेझिन (दोन द्रव मिसळले की घट्ट होतं ते) चिकट राहिलं तर बहुतेक वेळा त्या दोन्हींचं माप चुकलेलं असतं, अंदाजाने ओतू नका, बाटलीवर वजनाने दिलंय की मापाने ते वाचा. वर पांढुरकी साय आली तर हवेतली ओल, जुलैमध्ये रेझिनचं वर्कशॉप ठेवूच नका. शाडूची मूर्ती भेगाळली की पंख्याखाली ठेवलीय असं समजा, सावलीत हळू वाळू द्या, वर ओलसर फडकं. कॅनव्हास आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे बोर्ड) भिंतीला टेकवून ठेवले की बुरशी येते नाहीतर फुगतात, लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

मे महिन्याच्या समर कॅम्पचे पैसे बघून हुरळून जायचं नाही. मार्चला परीक्षा, जूनला शाळेची खरेदी, दोन्ही महिने बॅचा अर्ध्या होतात आणि भाडं पूर्ण जातं. निदान तीन महिन्यांचं भाडं वेगळ्या खात्यात पडू द्या. फी तिमाही घ्या, बुडालेल्या क्लासचा नियम पावतीवरच छापा.

एक राहिलंच. चौकशीचा फोन नंबर आणि गूगलवरचं पान कुणाच्या नावावर आहे ते सुरुवातीलाच बघा. माझा करार पुढच्या मार्चला संपतोय, नवीन पाटीचं कोटेशन मागवलंय, नंबर पहिल्या दिवसापासून माझाच आहे. गूगलचं पान मात्र त्यांच्या ईमेलवर, सगळे रिव्ह्यू तिथेच. दोन मेल टाकलेत, उत्तर नाही.