लेकराला घेऊन विमानतळावर आठ तास: घड्याळ पुण्याचंच ठेवा

पुण्याहून अमेरिकेला निघालेलं कुटुंब विमान बदलायला कतारमधल्या दोह्याला उतरलं की मोठी माणसं म्हणतात, "आत्ताशी तर पहिला टप्पा झाला." मुलाच्या दृष्टीने मात्र बराच प्रवास झालेला असतो. हिशोब मांडून बघा. मुंबईहून पहाटे चारचं विमान असेल, तर रात्री एकला विमानतळावर हजर राहायचं. घाटातले ट्रक, खालापूरचा थांबा आणि मुंबईत शिरतानाची गर्दी धरली, तर कोथरूडहून संध्याकाळी सात-साडेसातलाच गाडी निघते. दोह्याला उतरता तेव्हा भारतात सकाळचे आठ वाजलेले असतात. म्हणजे लेओव्हर (पुढच्या विमानापर्यंतचा थांबा) सुरू होतो तेव्हा मूल बारा-तेरा तास घराबाहेर असतं. झोप झालीच असेल तर तुकड्यातुकड्यांत. त्यात खंडाळ्याच्या वळणांवर गाडी लागली असेल, तर पोटही रिकामं.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही पहिल्यांदा असे गेलो, तेव्हा मला हे कळलं नव्हतं. उतरल्या उतरल्या तिला विमानतळ दाखवायला घेऊन निघाले आणि तासाभरात तिने जमिनीवर लोळण घेतली. तेव्हापासून मी एकच क्रम पाळते: आधी पोट, मग पळणं, मग बघणं, मग झोप. आणि हे सगळं पुण्याच्या वेळेप्रमाणे, कारण मुलाच्या पोटाला दोह्याची वेळ कळत नाही.

तिकीट काढतानाच करायच्या गोष्टी

लहान मूल बरोबर असेल तर दीड तासाचा लेओव्हर घेऊ नका. पहिलं विमान थोडं उशिरा आलं, तरी मुलाला कडेवर घेऊन धावावं लागतं. तीन ते चार तास उत्तम. आठ तासांच्या पुढे जात असेल, तर विमान कंपनीला बुकिंगच्या वेळीच विचारा. काही कंपन्या लांब थांब्यासाठी हॉटेल देतात, पण त्याच्या अटी असतात आणि बऱ्याचदा आधी नोंदणी करावी लागते. विमानतळावर पोहोचून विचारायला गेलं तर सहसा हात हलवत परत यावं लागतं. दोहा, दुबई, सिंगापूर, दिल्ली इथे विमानतळाच्या आतच तासांवर खोली मिळते. महाग असते, पण दोन मुलं आणि दहा तास असा योग असेल तर मी तो खर्च करते.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. वेगवेगळी तिकिटं काढून थोडे पैसे वाचतात, पण मग सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायचं म्हणजे व्हिसाचा प्रश्न आला. भारतीय पासपोर्टवर काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. हे नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

परतीचा प्रवास दिल्लीमार्गे पुण्याला असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, पट्ट्यावरून बॅगा घ्याव्या लागतात, कस्टम्समधून बाहेर पडून त्या पुन्हा द्याव्या लागतात आणि नंतर देशांतर्गत विमानासाठी नव्याने तपासणी होते. पेंगुळलेल्या मुलासकट हे सगळं करायला दोन तास सहज जातात. तिसऱ्या टर्मिनलवर इमिग्रेशनच्या काउंटरच्या वर भिंतीवर मोठ्या हस्तमुद्रा आहेत. रांगेत उभं असताना मुलाला त्या बोटांनी करून बघायला सांगा, रांग पुढे सरकते.

पाठीवरची पिशवी

खाऊ आपल्याच स्वयंपाकघरातला घ्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, राजगिऱ्याचे लाडू हे सगळं आपल्याकडे प्रवासासाठीच तर करतात. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि हातात धरून खाता येते. चिवडा मात्र मी विमानासाठी देत नाही, सगळा सीटखाली जातो. लोणचं, पातळ चटणी, दही हे सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांत मोजलं जातं आणि द्रवाच्या बाटलीला १०० मिलीची मर्यादा असते. तान्ह्या बाळाच्या दुधाला आणि खाण्याला प्रवासापुरती सूट मिळते, फक्त ते वेगळं काढून दाखवावं लागतं. अमेरिकेला जात असाल तर फळं उतरण्याआधी संपवा आणि उरलेला खाऊ कस्टम्सच्या फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला विचारल्यावर न चुकता सांगा.

बाकी सामान थोडकं: कपड्यांचा एक पूर्ण जोड मुलाचा आणि एक सदरा तुमचाही, ओले रुमाल, रिकामी पाण्याची बाटली, पॉवर बँक (ही चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते) आणि एक छोटी गोधडी. विमानतळावर एसी कडक असतो. पण गोधडीचं खरं काम वेगळं आहे: तिला घरचा वास असतो. परक्या ठिकाणी मूल त्या वासाने झोपतं.

शिवाय चार-पाच पुड्या बांधून घ्या. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला खडूचा डबा, स्टिकर, लाकडी भोवरा, छोटं कोडं, असं काहीही. दर दोन तासांनी एक पुडी. मूल पुडीची वाट बघत बसतं आणि मधला वेळ सरतो.

बाबागाडी नेणार असाल तर चेक-इनच्या काउंटरवर स्पष्ट विचारा: ही मधल्या विमानतळावर दारात मिळेल, की थेट शेवटच्या ठिकाणी? आम्ही विचारलं नाही. तिला शेवटच्या ठिकाणचा टॅग लागला होता आणि पेंगुळलेली मुलगी मी सहा तास खांद्यावर वागवली.

उतरल्यावरचा पहिला अर्धा तास

आधी फलकावर पुढच्या विमानाचं गेट बघा. अजून लागलं नसेल, तर निदान कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज घ्या. मग बाथरूम. दात घासायचे, तोंड धुवायचं, कपडे बदलायचे. घरी सकाळी जे करतो तेच, त्याच क्रमाने. कपडे बदलले की मुलाचा एक फोटो काढा. चुकामूक झाली तर "कोणते कपडे घातले होते?" या प्रश्नाचं उत्तर घाबरलेल्या आईबापांना आठवत नाही. मनगटावर बॉलपेनने तुमचा मोबाइल क्रमांक लिहा, देशाच्या कोडसकट. आणि मुलाला एकच वाक्य पाठ करून घ्या: "आई दिसली नाही तर मी आहे तिथेच थांबणार." शोधणाऱ्याने फिरायचं, हरवलेल्याने थांबायचं.

आठ तासांची आखणी

दोह्याचं उदाहरण घेते, कारण पुण्याची बरीच मंडळी तिथूनच जातात. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे पहाटेचे साडेपाच म्हणजे मुलाचे सकाळचे आठ. म्हणून बाहेर अंधार असला तरी नाश्ता द्या. दशमी आणि गरम दूध. दूध कोणत्याही कॉफीच्या दुकानात मागितलं की मिळतं.

नऊ ते साडेदहा, पुण्याचे, पळण्यासाठी. टर्मिनलच्या मधोमध सात मीटर उंच पिवळं अस्वल बसलेलं आहे, त्याच्या डोक्यात दिवा आहे. उर्स फिशर या कलाकाराचं हे शिल्प मुलं लांबूनच ओळखतात, म्हणून चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा म्हणूनही ते दाखवून ठेवा. टॉम ऑटरनेसची कांस्यशिल्पंही इथे आहेत आणि त्यांच्यावर मुलांनी चढावं, घसरावं याच हेतूने ती घडवलेली आहेत. टर्मिनलच्या आत एक छोटी ट्रेन धावते, फुकट. आमच्या मुलीने तिच्या सात फेऱ्या केल्या आणि मी एकदाही नाही म्हटलं नाही. दमली पाहिजे ना!

काहीच सापडलं नाही, तर रिकाम्या गेटपाशी फरश्यांवर लंगडी घाला. "शिवाजी म्हणतो" खेळा. फलकावरच्या शहरांची नावं घेऊन भेंड्या लावा, किंवा मोठ्या मुलाला वहीत लिहायला सांगा: 'क' ने सुरू होणारी किती शहरं आज उडणार?

साडेदहाला बघण्याची वेळ. २०२२ मध्ये उघडलेली 'द ऑर्चर्ड' ही काचेच्या छताखालची बाग मूल शांतपणे बघू शकतं, कारण तोवर ते पुरेसं पळलेलं असतं. सिंगापूरला असाल तर तिसऱ्या टर्मिनलमधली फुलपाखरांची बाग याच वेळेसाठी ठेवा. तिथला प्रसिद्ध ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलमधल्या स्कायट्रेनमधून तो ओझरता दिसतो.

बाराला जेवण. भात मिळाला तर भातच, नवे पदार्थ चाखण्याची ही वेळ नव्हे. आणि एक वाजता, म्हणजे दोह्याच्या साडेदहाला, झोप. लांबच्या टोकाचं रिकामं गेट, गालिच्याचा कोपरा, गोधडी. मोठ्यांपैकी एकानेच झोपायचं. दुसऱ्याने पिशवीचा पट्टा पायात अडकवून जागं राहायचं आणि फलकावर नजर ठेवायची, कारण आता अनेक विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. एकटीच आई किंवा एकटाच बाबा असेल, तर दोन गजर लावा आणि माणसांची वर्दळ दिसेल अशा जागी बसा.

टॅब्लेट या आठ तासांत मी काढतच नाही. पुढे चौदा तासांच्या विमानात तो लागणारच आहे, इथे दिला तर तिथे त्याची जादू उरत नाही.

निघण्याआधी

मुलाला विमान सुटायच्या दीड तास आधी उठवा. अमेरिकेच्या विमानांना गेटजवळ बऱ्याचदा पुन्हा तपासणी असते आणि भरलेली बाटली तिथे रिकामी करावी लागू शकते. आत गेल्यावर बाथरूम मिळेलच असं नाही, म्हणून आधीच जाऊन या.

आणि आजी-आजोबांना निरोप द्या. तुमच्या गेटवर दुपारचे दीड वाजलेले असतील, तेव्हा पुण्यात चारचा चहा चाललेला असतो आणि ते दोघं फोनकडे बघत असतात. थांबा दुबईला असेल तर व्हॉट्सॲपचे कॉल तिथे सहसा लागत नाहीत. अशा वेळी मुलाच्या आवाजात तीस सेकंदांचा निरोप रेकॉर्ड करून पाठवा, त्यात ट्रेनच्या किती फेऱ्या झाल्या हे त्यालाच सांगू द्या.