आधी डबे झटका, मग कंटेनर भरा: पुण्याहून मेलबर्नला घरसामान आणताना

मंडळी, नवीन कुटुंब आलं की चहा संपायच्या आत प्रश्न येतो, "आम्ही सामान किती आणू?" माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच, किती ते नंतर बघू, काय काय आणताय ते आधी सांगा. भाडं क्युबिक मीटरवर जातं हे खरंय, पण डोकं जातं ते डब्याच्या तळाशी राहिलेल्या चार दाण्यांवर.

आमचंच सांगतो. आम्ही आलो तेव्हा एकवीस खोकी, एक सायकल आणि देव्हारा एवढं शेअर्ड कंटेनरमधून मागवलं होतं. सामान बंदरात लागलं, आम्ही इथे जमिनीवर गाद्या टाकून वाट बघतोय, आणि एक दिवस सामान तपासणाऱ्यांकडून ईमेल आली, सोबत तीन फोटो. पहिल्या फोटोत सायकलच्या मडगार्डखालची कात्रज घाटातली माती. दुसऱ्यात निळे हातमोजे घातलेल्या हातात आमच्या लेकीची बाळपणीची राईची उशी, शिवण थोडी उसवलेली आणि टेबलावर सांडलेली मोहरी. तिसऱ्यात बायकोची पैठणी उलगडलेली, पदराच्या टोकाला गाठ, आणि गाठीतून काढलेले ओटीचे तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी. ते तिथे कधीपासून होते हे बायकोलाही आठवेना. खाली लिहिलं होतं की पर्याय तीन, पैसे भरून ट्रीटमेंट करा, परत पाठवा, नाहीतर नष्ट करू द्या, आणि तिन्हींचा खर्च तुमचाच. पैठणी अर्थात परत मिळाली. उशी गेली. ती सासूबाईंनी हाताने शिवलेली होती, त्यामुळे हा विषय आमच्या घरात अजूनही जपून काढावा लागतो.

तर आता कामाचं. इथे तुमच्या सामानाला दोन वेगवेगळे दरवाजे ओलांडावे लागतात, आणि लोक हमखास दोघांची गल्लत करतात. एक कस्टम्स, म्हणजे ऑस्ट्रेलियन बॉर्डर फोर्स, त्यांना बघायचं असतं की तुम्ही ड्युटी-टॅक्स लागेल असं किंवा बंदी असलेलं काही आणताय का. दुसरं शेती खातं, ज्याला इथे सगळे डॅफ म्हणतात, आपली जुनी मंडळी अजून क्वारंटाइनच म्हणतात, त्यांना किडे, बिया, माती, लाकूड, प्राण्यांपासून आलेल्या वस्तू यांच्याशी मतलब. कस्टम्सचं काम बहुतेकांचं कागदावरच उरकतं, खोकी उघडतात ते दुसरे.

दोघांसाठी मूळ कागद एकच, यूपीई स्टेटमेंट, म्हणजे अनअकंपनीड पर्सनल इफेक्ट्स, फॉर्म नंबर बी५३४. हा फॉर्म, पासपोर्टच्या फोटोच्या पानाची कॉपी, सामानाची सविस्तर यादी, आणि शिपिंगवाल्याकडून आलेलं बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती) किंवा अरायव्हल नोटीस (माल पोचल्याची सूचना), एवढं एका फोल्डरमध्ये ठेवा, फोनमध्ये पण ठेवा. फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता किंवा मूव्हर्सचा इथला एजंट भरतो, पण सही तुमची असते. एजंटने सगळीकडे 'नो' टिक करून पाठवलेला फॉर्म डोळे झाकून सही करू नका, माझ्या मेहुण्याला आला होता तसा, आणि यादीत मात्र लाकडी पाट आणि तबला स्वच्छ लिहिलेला. खोटं लिहिल्याचा दंड तुमच्या नावावर लागतो, एजंटच्या नाही. आणि 'येस' टिक केलं म्हणजे वस्तू जप्त होते असं अजिबात नाही हो, ते फक्त बघतात. आपल्याकडे सरकारी कागदावर कमीत कमी सांगायची सवय असते, ती विमानतळावरच सोडून या.

टॅक्सचं गणित सोपं आहे. जी वस्तू तुमच्या मालकीची आहे आणि परदेशात बारा महिने किंवा जास्त तुम्ही स्वतः वापरली आहे तिच्यावर ड्युटी नाही, जीएसटी नाही. म्हणून निघायच्या आधी लक्ष्मी रोडवर आणि मॉलमध्ये जाऊन नवं कोरं सगळं घ्यायचा जो उत्साह येतो ना, तो आवरा. नव्या वस्तूवर साधारण पाच टक्के ड्युटी आणि वर दहा टक्के जीएसटी लागू शकतो, जीएसटी तर भाडं-विमा धरून होणाऱ्या किमतीवर मोजतात. नवं घेतलंच असेल तर बिल जपून ठेवा आणि यादीत तसं लिहा. दारू आणि तंबाखू यात धरत नाहीत, कितीही जुनी बाटली असली तरी ड्युटी लागते, विमानाने येताना मिळणारी सूट कंटेनरला नाही. भिंतीवर लावायची शोभेची कट्यार किंवा काठीतली गुप्ती असेल तर ती काकांकडेच राहू द्या, दुधारी खंजीर आणि लपवलेली पाती यांना इथे परवानगीशिवाय प्रवेश नाही.

आता क्वारंटाइन, कारण खरी गंमत तिथे आहे.

भारतातून येणाऱ्या सामानाकडे इथले लोक जरा जास्तच बारकाईने बघतात आणि त्याला कारण आहे, खापरा भुंगा. धान्य साठवणाऱ्या कोणत्याही घराला हा किडा माहीत असतो, नाव माहीत नसलं तरी. मूळचा आपल्याच भागातला, आकाराने दीड ते तीन मिलिमीटर, आणि त्याची अळी फटीत शिरून खाण्याशिवाय वर्षानुवर्षं पडून राहू शकते. ऑस्ट्रेलियाचा गहू जगभर विकला जातो, हा किडा इथे घुसला तर गिऱ्हाईक देश माल नाकारतील, म्हणून यांची झोप उडालेली असते. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून नियम आणखी कडक केले, तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, वाटाणा, सोयाबीन, शेंगदाणे, जिरं, धने, बडीशेप, सुक्या मिरच्या, असलं कच्चं वाणसामान घरसामानातून, पोस्टातून किंवा प्रवासाच्या बॅगेतून आणायला बंदी आहे. थोडक्यात आईने प्रेमाने बांधून दिलेलं अख्खं फडताळ. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये हे सगळं मिळतं, इंद्रायणी तांदूळ शोधावा लागतो पण तोही मिळतो, कंटेनरमध्ये एकही दाणा घालू नका.

दाणे तुम्ही मुद्दाम घालत नाही हो, ते आपोआप येतात, म्हणून मराठी घरात कुठे कुठे लपलेले असतात ते सांगतो. बाळाची राईची किंवा राळ्याची उशी, वर सांगितलीच. कापसाची गादी, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली असली तर आत सरकी असते, ती म्हणजे बीच. दसऱ्याला दाराला लावलेलं भाताच्या लोंब्यांचं तोरण. देव्हाऱ्याच्या खणात अक्षता, कलशाखाली ठेवलेले गहू. लग्नाच्या साड्यांच्या पदरात ओटी, प्रत्येक साडी उलगडून बघा, आळस करू नका. सुपाच्या विणीत अडकलेले तांदूळ, मिक्सरच्या भांड्याच्या रबराखालचं पीठ, जात्याच्या खुंट्याजवळचं पीठ, पुरणयंत्राच्या जाळीत वाळलेलं पुरण. मसाल्याचा डबा रिकामा करून धुवून कडक उन्हात ठेवा आणि मग त्यात काहीही न भरता पाठवा. 'रिकामा डबा पाठवू नये' हे आपल्याकडे शेजारणीला लागू, कंटेनरला नाही.

माती हा दुसरा शत्रू. ट्रेकचे बूट, क्रिकेटचे स्पाइक्स, सायकलचे टायर, तंबू, बागेतली खुरपी, कुंड्या. बुटाच्या खाचांतली माती टूथब्रशने काढा, टाचणीने काढा, धुवून पूर्ण वाळवा, ओलं पॅक केलं तर दीड-दोन महिने बंद कंटेनरमध्ये बुरशी येते आणि ते निराळंच नाटक. व्हॅक्युम क्लीनरची पिशवी नुसती रिकामी करू नका, काढूनच टाका. कुंड्या मुळीच आणू नका, कशाला आणायच्या, इथे हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा डॉलरला मिळतात.

लाकूड चालतं. पाट, चौरंग, देव्हारा, पोळपाट-लाटणं, तबला-पेटी सगळं येतं, पण साल नको आणि पोखरलेलं नको. फर्निचर उलटं करून टॉर्च मारा, टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो तुकडा सरळ मागे ठेवा, नाहीतर इथे फ्युमिगेशनचं, म्हणजे विषारी धुरी देण्याचं, बिल त्या टेबलाच्या किमतीपेक्षा जास्त येतं. शिसवीचं असेल तर आणखी एक भानगड, शिसव म्हणजे डालबर्जिया, २०१७ पासून तो साइटीस करारात, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, घातलाय, म्हणून मोठ्या शिसवी सामानाबद्दल मूव्हर्सना आधीच लेखी विचारा. मूव्हर्स जे लाकडी खोके किंवा पॅलेट वापरतात त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, आयएन हा देशाचा कोड आणि एचटी किंवा एमबी असा शिक्का हवा, म्हणजे लाकूड तापवलेलं किंवा फ्युमिगेट केलेलं आहे. पॅकिंगच्या दिवशी तो शिक्का डोळ्यांनी बघा आणि फोटो काढा.

आंब्याच्या पेट्या आणि पेंढा! हे मी बजावून सांगतो. रत्नागिरीहून आलेली पेटी मजबूत असते म्हणून काचसामान त्यात भरायचा मोह सगळ्यांना होतो. फळांची जुनी खोकी, अंड्यांचे ट्रे, पेंढा, गवत यातलं काहीही पॅकिंगला नको. नवीन खोकी, बबल रॅप, नवा कोरा कागद.

देवाधर्माचं सामान हळवा विषय आहे म्हणून स्पष्ट लिहितो. गोवऱ्या, गोमूत्र, होमाच्या समिधा, सुकलेला प्रसाद, पेढे-बर्फी नाही. भारतात जनावरांचा लाळ्या-खुरकुताचा रोग आहे, त्यामुळे दुधा-शेणाच्या वस्तूंवर यांचं विशेष लक्ष असतं. रुद्राक्ष म्हणजे शेवटी बीच, माळ असेल तर अंगावर किंवा बॅगेत आणा आणि डिक्लेअर करून दाखवा, कंटेनरमध्ये टाकू नका. पितळी मूर्ती, समई, निरांजन, ताम्हन बिनधास्त आणा, फक्त वातीचं तेल आणि हळद-कुंकवाचा थर पुसून. मोरपीस आणि चंदनाचं खोड यांना तर भारतातून बाहेर काढायलाच निर्बंध आहेत, सहाण आणा, खोड ठेवा.

आणि भारताच्या बाजूचं म्हणाल तर घरात फार जुनी वस्तू असेल तर सांभाळून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची मूर्ती, भांडी, कलाकुसर बाहेर नेता येत नाही, महत्त्वाच्या हस्तलिखित पोथ्यांना ही मुदत पंचाहत्तर वर्षं. वस्तू जुनी दिसते पण तेवढी जुनी नाही असं असेल तर पुरातत्त्व खात्याकडून नॉन-अँटिक्विटी सर्टिफिकेट काढता येतं, त्याला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात धावू नका. पणजोबांची हातची पोथी आमच्याकडे होती, ती भावाकडे ठेवली आणि स्कॅन करून आणली.

यादीबद्दल. मूव्हर्सची माणसं सकाळी आठला येतात, दुपारी तीनपर्यंत घर रिकामं, आणि प्रत्येक खोक्यावर लिहितात 'किचन आयटम' किंवा 'मिसलेनियस'. अशा यादीवर इथला अधिकारी काय करणार, सगळंच उघडणार. तुम्ही स्वतः वही घेऊन उभे राहा, खोका नंबर ७, स्टीलची ताटं १२, प्रेशर कुकर १ जुना, पुरणयंत्र १ धुतलेलं, असं इंग्रजीत लिहा. 'पोळपाट' असं रोमनमध्ये लिहून काही कळत नाही, लाकडी रोलिंग बोर्ड लिहा. आणि माझी सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती, लाकूड, चामडं, वेत-बांबू, खेळाचं सामान असलं सगळं बघण्यासारखं दोन-तीन खोक्यांतच भरा, त्यावर मोठा लाल स्टिकर लावा आणि यादीत तसं लिहा. मेहुण्याच्या वेळी आम्ही हे केलं, चोविसातली तीनच खोकी उघडली.

तुम्हाला तपासणीला हजर राहावं लागत नाही, ती डेपोतच, म्हणजे माल उतरवून ठेवतात त्या गोदामातच होते. पण तिची फी, डेपोत मोफत दिवस संपल्यावरचं स्टोरेज, टर्मिनल हँडलिंग म्हणजे बंदरावरच्या हाताळणीचं, कंटेनर रिकामा करण्याचं, डिलिव्हरी ऑर्डर म्हणजे माल सोडवायच्या कागदाचं, हे सगळं वेगळं. पुण्यात एका मूव्हरने मला 'डोअर टू डोअर, ऑल इन्क्लुजिव्ह' असं तोंडी सांगितलं आणि इथे पोचल्यावर निम्म्या भाड्याएवढं बिल हातात आलं. डेस्टिनेशन चार्जेसमध्ये, म्हणजे इथे पोचल्यावरच्या खर्चात, काय काय धरलंय ते कोटेशनमध्ये एकेक ओळ करून लिहून मागा, तो टाळाटाळ करायला लागला की दुसरा बघा. विमा घेताना पण विचारा, स्वतः पॅक केलेल्या खोक्यातली फूटतूट बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत.

आणायचं की नाही या यादीत मी पडत नाही, पण भारतातला करंट आणि इथला करंट सारखाच, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, म्हणून मिक्सर आणि इडली-डोशाचा ग्राइंडर जरूर आणा, प्लगचं अ‍ॅडॉप्टर बास. फ्रीज-वॉशिंग मशीन अजिबात नको. डिग्रीचे कागद, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलांचे लसीकरणाचे कागद, दागिने, रोजची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी हे कंटेनरमध्ये नाही, हातातल्या बॅगेत.

एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर डॅफची बायकॉन नावाची साइट आहे, त्यात वस्तूचं इंग्रजी नाव टाकलं की अटी दिसतात, भाषा सरकारी आहे पण दोनदा वाचली की कळते. मला किंवा कोणा काकूंना विचारण्यापेक्षा आधी तिथे बघा, नियम बदलतात आणि काकू बदलत नाहीत.

डिलिव्हरीच्या दिवशी ट्रकवाला घाईत असतो, सही मागतो. आधी यादी हातात घेऊन नंबर मोजा, तपासलेल्या खोक्यांवर वेगळी टेप असते ती खोकी त्याच्यासमोरच उघडा, फुटलेलं दिसलं तर पावतीवरच लिहा आणि मग सही करा. आमचा खोका नंबर १४ असाच राहिला होता, तो डेपोत मागे पडलेला चार दिवसांनी सापडला, आत सगळ्या रजया. जून महिना होता.