मिक्सर बंद पडला? मोटरकडे सगळ्यात शेवटी वळा

मिक्सर अडला की घरात पहिलं वाक्य निघतं, ‘मोटर जळली’. बहुतेक वेळा मोटर धडधाकट असते. बिघाड असतो भांड्याच्या बुशात (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी), कपलरच्या दातांत (मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती), नाहीतर तळाच्या लाल बटणात. यातलं बरंचसं घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात थोडक्यात निभावतं. म्हणून शोध नेहमी बाहेरून आत न्यायचा: आधी सॉकेट, मग भांडं, मग कपलर, आणि मोटर शेवटी.

मिक्सरला हात घालण्याआधी पिन सॉकेटमधून काढून बाजूला ठेवा. मिक्सरचं बटण बंद असलं तरी आतल्या एखाद्या तारेत वीज असू शकते. गॅरंटी शिल्लक असेल तर स्क्रू उघडूच नका, सर्व्हिस सेंटरला द्या. आणि बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर मिक्सर परत लावून बघू नका. आधी घरचं अर्थिंग आणि मिक्सरची तीन पिनांची वायर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आवाजच येत नाही

त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. ती तापली तर सॉकेट ठीक आहे. मग पिन काढून मिक्सर आडवा करा. तळाशी एक छोटं, बहुधा लाल बटण असतं. मोटरवर जास्त ताण आला की हे ओव्हरलोडचं बटण बाहेर येतं आणि वीज तोडतं. पाच-दहा मिनिटं मोटर निवू द्या, बटण आत दाबा, ‘टक’ झालं की काम झालं. मिक्सर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेला आणि निघालं हे बटण, असं फार घरांत होतं.

बटण पुन्हा पुन्हा उडत असेल तर कारण शोधायला हवं. सहसा ते वाटणातच असतं: पाणी न घालता घट्ट वाटलेलं खोबरं, फ्रीजमधून थेट काढलेले दगडासारखे तुकडे, काठोकाठ भरलेलं भांडं. परदेशी मिक्सर शेक आणि प्युरीसाठी बनलेले. भिजवलेली डाळ आणि सुके मसाले त्यांना झेपेनात, म्हणून तर सत्यप्रकाश माथुर यांनी १९६० च्या दशकात इथल्या स्वयंपाकासाठी सुमीत मिक्सर घडवला. तरीही कुठलाही घरगुती मिक्सर सलग चालवण्यासाठी नसतो. कंपनीच्या पुस्तिकेत किती मिनिटं चालवून किती मिनिटं थांबायचं ते दिलेलं असतं, ते पाळा. मिक्सरखाली फडकं किंवा प्लास्टिक अंथरलं असेल तर तेही काढा. मोटरला हवा तळाच्या फटींतून मिळते.

बटण ठीक, तरी मिक्सर गप्प? वायर पिनेजवळ किंवा बॉडीत शिरते तिथे आतून तुटलेली असू शकते. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) असेल तर पिन काढलेल्या अवस्थेत तपासा. काही मॉडेलमध्ये भांडं नीट बसल्याशिवाय मिक्सर सुरूच होत नाही, हेही लक्षात असू द्या.

‘गूंऽ’ आवाज येतो, पातं हलत नाही

लगेच बंद करा. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि काही सेकंदांत तापते. खरोखर मोटर जळण्याचं हे मोठं कारण आहे.

भांडं काढून उलटं करा आणि तळाचा कपलर हाताने फिरवा. तो सहज फिरायला हवा. जाम असेल तर चटणीचा किंवा साखरेच्या पाकाचा अंश बुशात शिरून वाळलेला असतो. भांडं उलटं ठेवून तळाच्या खळग्यात गरम पाणी ओता, अर्धा तास मुरू द्या, मग कपलर हळूहळू पुढे-मागे करा. पात्याला बोटं लावू नका. सुटल्यावर बुशाजवळ खाद्यतेलाचा एक थेंब पुरतो.

पातं धरून (जाड फडक्यातून) हलवल्यावर डुगडुगतंय, भांड्याच्या बुडातून पाणी झिरपतंय किंवा वाटणात काळपट ओघळ दिसतोय, तर बुश झिजला आहे. तो काळा अंश म्हणजे धातूची झीज आणि जुनं वंगण. ते वाटण टाकून द्या आणि बुश बदलेपर्यंत ते भांडं वापरू नका. बुश, दांडा आणि वायसर एकदम बदलून घेतलेले बरे. बुश दाबून सरळ बसवावा लागतो, म्हणून हे काम दुकानातच करा, आणि भांडं सोबत न्या. मापं कंपनीगणिक वेगळी असतात.

मोटर फिरते, पातं नाही

कपलरचे दात गेले. आजूबाजूला काळा रबरी भुगा दिसेल. कपलर आधी झिजतो ते बरंच आहे, त्यामुळे मोटर वाचते.

मोटरवरचा कपलर काढताना लोक उलट्या दिशेने जोर लावतात आणि तो आणखी घट्ट होतो. सूत्र सोपं आहे: मोटर ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने कपलर फिरवला की सुटतो. भांडं न लावता मिक्सर सुरू होत असेल तर कमी वेगावर क्षणभर चालवा आणि थांबताना वरून दिशा बघून ठेवा. मग पिन काढा. बऱ्याच मिक्सरांच्या तळाला मधोमध भोक असतं, त्यातून मोटरच्या दांड्याची खाच दिसते. तिथे स्क्रूड्रायव्हर अडकवून दांडा धरा आणि वरून कपलर पकडीने फिरवा. नवा कपलर हातानेच बसवा. चालू झाल्यावर तो आपोआप आवळतो.

ठिणग्या, अडखळणं, वेग कमी होणं

आता मोटरची पाळी. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले की मिक्सर मध्येच थांबतो, थापटलं की चालतो, आणि शेवटी गप्प होतो. तळाचे स्क्रू काढून झाकण उघडा, तारांचा फोटो काढून ठेवा. मोटरच्या दोन बाजूंना कार्बनची घरं असतात. दोन्ही कार्बन नेहमी जोडीनेच बदला, मॉडेलचेच घ्या, आणि घरात ते मोकळे सरकतायत ना, स्प्रिंग दाब देतेय ना, ते पाहा. कार्बन टेकतात तो तांब्याचा भाग काळवंडला असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा आणि सगळा भुगा ब्रशने झटका. नव्या कार्बनला सुरुवातीला थोड्या ठिणग्या येतात, त्या काही वेळाने कमी होतात.

तांब्याच्या भागाभोवती आगीचं पूर्ण कडं फिरत असेल, किंवा जळक्या वार्निशचा उग्र वास येत असेल, तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) किंवा फील्ड कॉइल (त्याभोवतीचं स्थिर वेटोळं) गेली आहे. इथे घरची दुरुस्ती थांबवा. रिवाइंडिंगचा (तारा नव्याने गुंडाळण्याचा) खर्च आधी विचारा आणि नव्या मिक्सरच्या किमतीशी ताडून बघा.

सगळं जोडल्यावर लगेच वाटण लावू नका. पहिल्या वेगावर रिकामं भांडं दहा सेकंद चालवा, मग अर्धं भांडं पाणी घालून अर्धा मिनिट. मग भांडं काढून कोरड्या कागदावर ठेवलंत तर गळती तिथल्या तिथे कळते. कागद कोरडा राहिला की डाळ घाला.