व्हिडिओ टाकायचाय, पण जीव कुठे लावायचा? यूट्यूब, इन्स्टा की फेसबुक (खान्देशवाल्यांसाठी)

मोबाइल कोणता घेऊ, माइक कोणता घेऊ हे विचारणारे लय भेटतात. पण व्हिडिओ टाकणार कुठे असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळीकडेच टाकू ना भो." टाका की, कोणाची ना नाही. पण मेहनत एकाच ठिकाणी घेता येते, कारण यूट्यूबचा थंबनेल बनवणं, इन्स्टावर पहिल्या दोन सेकंदांत माणूस थांबवणं आणि फेसबुकवर प्रत्येक काकांच्या कमेंटला उत्तर देत बसणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि शेत नाहीतर नोकरी सांभाळून तिन्ही नीट होत नाहीत.

मग ठरवायचं कसं? तुमचा व्हिडिओ लोक शोधत येणारेत, का स्क्रोल करताना समोर आला म्हणून बघणारेत, का मावशीने पाठवला म्हणून उघडणारेत, एवढं आधी ठरवा. बाकीचं त्यातून आपोआप निघतं.

शोधत येणाऱ्यांचं आधी बघू, कारण आपल्याकडे यातच सगळ्यात जास्त माल पडलेलाय आणि लोक रीलच्या नादात तिकडे बघतच नाहीत. रावेर-यावलकडचा केळीवाला, पानावर करपा दिसला किंवा सीएमव्ही (केळीवरचा विषाणूचा रोग) आला की तो इन्स्टा उघडत नाही, यूट्यूबवर जाऊन टाइप करतो नाहीतर सरळ माइकचं बटण दाबून बोलतो. खापरावरचे मांडे कसे करायचे, कळण्याचं पीठ दळताना काय किती घ्यायचं, भरताची वांगी काड्यांवर कशी भाजायची, हे सगळं शोधलं जातं. असा विषय असेल तर डोळे झाकून यूट्यूब. व्हिडिओ जुना होत नाही, दोन वर्षांनीही कोणीतरी शोधत येतं, आणि गूगलवर शोधलं तरी बऱ्याचदा यूट्यूबचाच व्हिडिओ वर दिसतो.

विषयाला मागणी आहे का हे बघायला पैसे लागत नाहीत. यूट्यूबच्या सर्चमध्ये अर्धा शब्द टाइप करा, पुढे काय सुचवतंय ते बघा, ते लोकांनी खरंच शोधलेलं असतं. मराठीत करून बघा, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून बघा, कारण आपले अर्धे लोक तसंच टाइप करतात. गूगल ट्रेंड्समध्येही वर यूट्यूब सर्च असा पर्याय निवडून महाराष्ट्रापुरतं बघता येतं. सणाचं तर फार सोपं आहे. कानबाई, आपली खान्देशातली देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या रोटांचा व्हिडिओ त्या रविवारी टाकून उपयोग नाही, घरोघरी तेव्हा रोट होऊन गेलेले असतात. श्रावण लागायच्या आधीच टाकून मोकळे व्हा.

आता पैशाचं, कारण कितीही गोल फिरलं तरी प्रश्न शेवटी तोच येतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास वॉच टाइम (लोकांनी बघितलेला एकूण वेळ) लागतो, किंवा मग ९० दिवसांत शॉर्ट्सवर, म्हणजे यूट्यूबच्या छोट्या उभ्या व्हिडिओंवर, १ कोटी व्ह्यू. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३००० तास (किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू) झाले की मेंबरशिप, सुपर थँक्स वगैरे चालू होतं पण जाहिरातीचे पैसे नाही. आणि शॉर्ट्स फीडमध्ये लोकांनी बघितलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत, हे लक्षात न घेता पोरं वर्षभर शॉर्ट्स टाकत बसतात आणि मग तास का वाढेना म्हणून विचारतात.

४००० तास ऐकून छाती दडपते, पण हिशोब करा. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी ४ मिनिटं थांबला तर वर्षाला ६० हजार व्ह्यू, म्हणजे रोजचे साधारण १६५. चॅनलवर कामाचे ४० व्हिडिओ असतील तर प्रत्येकाला रोज चार-पाच माणसं आली की झालं. व्हायरल वगैरे काही व्हावं लागत नाही. जाहिरातीच्या कमाईतला मोठ्या व्हिडिओचा वाटा ५५ टक्के आणि शॉर्ट्सचा ४५ टक्के, पण शॉर्ट्समध्ये आधी पैसा सगळ्यांच्या व्ह्यूंच्या प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे हातात फार कमी येतं. शॉर्ट्स टाका, ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत टाकता येतात, पण मोठ्या व्हिडिओकडे माणूस आणायला टाका.

दुसरा प्रकार, समोर आला म्हणून बघितला. अहिराणी कॉमेडी, डान्स, सासू-सुनेची भांडणं, शेवभाजीचा तर्रीवाला क्लोजअप. हे कोणी शोधत नाही, दिसलं की बघतात. याला इन्स्टाग्राम. इन्स्टाचा प्रमुख अॅडम मोसेरी स्वतःच सांगतो की वॉच टाइम, लाइक आणि लोक तो रील मित्राला किती पाठवतात या तीन गोष्टी सगळ्यात जास्त धरल्या जातात, आणि नवीन माणसापर्यंत पोचायला तर पाठवणंच जास्त कामाचं. म्हणजे रील बनवताना एकच विचार करा, हा बघून माणूस कोणाला पाठवेल? "हे आपल्या जिजाजींसारखं शे" असं ज्याला बघून वाटतं तो रील चालला.

इथे एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. अहिराणी बघणारा माणूस फक्त जळगाव, धुळे, नंदुरबारला नाहीये. अर्धा खान्देश सुरतला आहे, उधना-लिंबायतकडे गल्ल्याच्या गल्ल्या आपल्या आहेत, मग नाशिक, पुणे, कल्याण. व्यावसायिक किंवा क्रिएटर अकाउंट केलं की इन्स्टाच्या इनसाइट्समध्ये शहरं दिसतात, तिथे सुरत वर दिसायला लागलं तर विषय बदलायला हरकत नाही, गावाकडची आठवण, सुट्टीत गावी जाणं, रेल्वेची गर्दी, हे तिथे जास्त चालतं. इन्स्टावर व्ह्यूंचे पैसे मिळतील या भरवशावर मात्र राहू नका. तिथला पैसा दुकानवाल्यांकडून, हॉटेलवाल्यांकडून, लोकल जाहिरातीतून येतो, आणि तो मागायला लाजायचं नाही. जाहिरात असेल तर पेड पार्टनरशिपचं लेबल लावायचं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे व्हिडिओ करणाऱ्यांचं गणित वेगळंच. घोडा आवडणारा माणूस पंजाब-राजस्थानातही आहे, त्याला अहिराणी काय कळणार, तिथे हिंदी बोला नाहीतर कमी बोला आणि घोड्याची चाल दाखवा. एकाच अकाउंटवर दत्त जयंतीला घोडे, श्रावणात रोट आणि मधेच कॉमेडी असं करू नका. घोड्यासाठी आलेला माणूस रोट बघत नाही, पुढे ढकलतो, आणि अॅपला वाटतं व्हिडिओच वाईट आहे.

तिसरा प्रकार फेसबुकचा. तरुण पोरं हसतात पण गावातला चाळिशीपुढचा माणूस अजून तिथेच आहे. भजन-कीर्तन, गावातली यात्रा, राजकारण, जुने फोटो, समाजाचे मेळावे यांना तिथे जे प्रेम मिळतं ते दुसरीकडे नाही. गावाचे आणि समाजाचे ग्रुप असतात, तिथे पेजवरचा व्हिडिओ शेअर करा. भजनी मंडळाचं चॅनल असेल तर मी आधी फेसबुकच सांगेन आणि बरोबर यूट्यूबवर साठवण.

व्हॉट्सअॅपला प्लॅटफॉर्म म्हणू नका, तो रस्ता आहे. त्यावर व्हिडिओची फाइल कधीच पाठवायची नाही, लिंक पाठवायची. फाइल गेली की ती शंभर ग्रुपमध्ये फिरते, लोक लोटपोट होतात आणि तुमच्या चॅनलवर एक व्ह्यू वाढत नाही. तरी कोणीतरी डाउनलोड करून फिरवणारच, म्हणून व्हिडिओच्या आत एका कोपऱ्यात चॅनलचं नाव ठेवा. केळीचे रोजचे भाव यासारखी गोष्ट, जी संध्याकाळी शिळी होते, तिला व्हॉट्सअॅप चॅनल बरं.

मोज, जोश वगैरे छोट्या व्हिडिओंची अॅप? २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसकट ५९ अॅप बंद केली तेव्हा आपल्या भागातली कितीतरी पोरं-पोरी एका रात्रीत शून्यावर आली होती, लाखांनी फॉलोअर होते आणि दुसऱ्या दिवशी अॅपच उघडेना. ती दोन अॅप त्यानंतरच्या पोकळीतच वाढली. जास्तीचं अकाउंट म्हणून ठेवा, मुक्काम नको. आणि कुठेही टाका, मूळ व्हिडिओ, म्हणजे लोगो न पडलेला, स्वतःकडे हार्ड डिस्कवर ठेवा. दुसऱ्या अॅपचा लोगो असलेला व्हिडिओ इन्स्टा कमी लोकांना दाखवतं, त्यामुळे डाउनलोड करून इकडचं तिकडे टाकायचं नाही, मूळ फाइलच टाकायची.

गाण्याचं एक सांगायचं राहिलं. लग्नाच्या, कानबाईच्या मिरवणुकीच्या व्हिडिओत मागे डीजे वाजत असतो. रीलमध्ये अॅपच्या लायब्ररीतलं गाणं चालून जातं (बिझनेस अकाउंटला मात्र गाणी कमी मिळतात), पण यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओत तेच गाणं वाजलं की कंटेंट आयडीचा (गाणं ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) क्लेम येतो आणि जाहिरातीचे पैसे बहुतेक वेळा गाण्याच्या मालकाला जातात. डीजेचा आवाज काढून स्वतःचा आवाज द्या. कानबाईची गाणी बायकांनी स्वतः म्हटलेली असतील तर ती रेकॉर्ड करा, त्यांना विचारून.

निवडलं की निदान तीन महिने जागा बदलू नका, आणि त्या काळात सबस्क्रायबर मोजण्यापेक्षा लोक व्हिडिओ कुठे सोडून जातात ते बघा. यूट्यूब स्टुडिओत त्याचा आलेख असतो. सगळेच पहिल्या अर्ध्या मिनिटात जात असतील तर "नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनलवर स्वागत" हे कापा, थेट वांगं भाजायला घ्या.

यूट्यूबवाल्यांनी पत्त्याचंही आधीच बघून ठेवा. अॅडसेन्सला (गूगलचं खातं, ज्यातून जाहिरातीचे पैसे मिळतात) १० डॉलर जमले की गूगल पिन नंबरचं पत्र साध्या टपालाने पाठवतं, आणि तो पिन चार महिनेच चालतो. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत आणि पत्ता खरा ठरल्याशिवाय अजिबात येत नाहीत. नाव बँकेच्या पासबुकावर आहे तसंच टाका. पत्त्यात घर नंबर नसेल तर गावाचं नाव, जवळचं मंदिर नाहीतर बस स्टँड, आणि आपल्या पोस्टाचा बरोबर पिनकोड लिहा, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा की असं असं पाकीट येणार आहे, जाहिरातीचा कागद समजून कुठे ठेवून देऊ नका.